मिनी प्रोजेक्टर, शाळेतला एकच मायक्रोस्कोप आणि ३४ मुलं : चार महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड विज्ञान आणि गणित, आणि आंतरवासितेसाठी (शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावासाठी) देवगड तालुक्यात विजयदुर्गच्या बाजूच्या एका हायस्कूलला आहे. कॉलेजमध्ये आयसीटीच्या तासाला भिंतीएवढं टच पॅनेल होतं, त्यावर आम्ही बोटाने पाठ सरकवायला शिकलो, आणि इथे वर्गात आल्यावर बघते तर एक फळा, एक खडू-डस्टरचा डबा, दोन पंखे आणि मागच्या भिंतीला एकच प्लग पॉईंट. शाळेत कॉम्प्युटर आहे पण तो ऑफिसात, ऑनलाइन माहिती भरायला. म्हणून जूनच्या शेवटी स्वतःच्या ट्यूशनच्या पैशातून ₹७,८०० चा मिनी प्रोजेक्टर घेतला.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुकानात वेगवेगळ्या नावांचे चार डबे उघडून बघितले, रिमोटपासून मेनूपर्यंत सगळं सेम, नुसता वरचा स्टिकर वेगळा. त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगितलेलं जास्त उपयोगी पडेल. आणि घ्यायचा की नाही हे आत्ताच सांगून टाकते : घ्या, पण व्हिडिओ दाखवायला म्हणून घेऊ नका. त्यासाठी घ्यायचा असेल तर खरंच पैसे वाचवा.

दुकान कणकवलीत बाजारपेठेत आहे, छोटंसंच, टीव्ही रिपेअरिंग आणि सीसीटीव्हीचं काम करणाऱ्या एका काकांचं. मी ऑनलाइन मागवणार होते, तिथे पाचशे-सातशे रुपयांनी स्वस्त पडत होता, पण आमच्याकडे परत पाठवायची वेळ आली की कुरिअरवाल्याच्या मागे फिरावं लागतं म्हणून म्हटलं समोर बघून घेऊ. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो "बजेट किती" हा नव्हता, "वर्गाला खिडक्या किती आणि कुठल्या बाजूला" हा होता. मग शटर अर्धं खाली ओढून दुकानातल्याच भिंतीवर चारही डबे लावून दाखवले, माझा पेनड्राइव्ह लावू दिला, मराठी अक्षरं असलेली माझी स्लाइड उघडू दिली. ही स्लाइडची टेस्ट तुम्ही कराच. डब्यातल्या स्वतःच्या रीडरमध्ये माझी जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर गेल्या. काका म्हणाले स्लाइड सरळ फोटो करून आण, जेपीजी, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच नाही. चार महिने तेच करतेय, एकदाही अडलं नाही.

आता लुमेनची, म्हणजे उजेडाच्या मापाची गोष्ट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ९००० लुमेन छापलेलं. काकांनी स्वतःच सांगितलं की हा आकडा विसर, बाजूला बारीक अक्षरात एएनएसआय लुमेन लिहिलंय का बघ. एएनएसआय म्हणजे पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक ठिकाणचा उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची, त्याला एक ठरलेली पद्धत आहे. नुसतं लुमेन लिहिलं असेल तर तो आकडा कशाचा आहे ते कंपनीलाच माहीत. मी घेतलेल्यावर २०० एएनएसआय लिहिलंय, आणि वापरून तो आकडा मला खरा वाटतो, म्हणजे दिवसाउजेडी उघड्या वर्गात काही दिसणार नाही, अर्ध्या अंधारात चांगलं दिसेल. तसंच '४के सपोर्ट' हा शब्द. सपोर्ट म्हणजे ४के ची फाइल तो घेईल एवढंच, दाखवणार त्याच्या पॅनेलच्या मापाने. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे पॅनेलवर खरेच ठिपके किती, हे विचारायचं. माझा १२८०×७२० आहे, वर्गाला पुरतो. त्याहून खालचा ८००×४८० वाला दीड हजाराने स्वस्त होता पण त्यात आकृतीची नावं शेवटच्या बाकावरून वाचता येणार नाहीत असं मला दुकानातच दिसलं.

अंतराचं गणितही सांगते कारण मी आधी त्यात फसले. दोन मीटरवर ठेवला की साधारण दीड मीटर रुंद चित्र पडतं. मोठं चित्र म्हणजे चांगलं असं वाटून मी पहिल्या दिवशी चार मीटरवर नेऊन ठेवला. अंतर दुप्पट केलं की चित्र रुंदीला दुप्पट आणि उंचीलाही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, उजेड मात्र तेवढाच, तो चौपट जागेत पसरला आणि चित्र फिकट पडलं. विज्ञानाची विद्यार्थिनी असून हे मला भिंतीवर बघून कळलं. आता दोनच मीटर, आणि डबा बाकावर सरळ ठेवते, खाली वह्यांची चळत. कीस्टोन म्हणून जे वाकडं चित्र सरळ करायचं बटन असतं ते शक्यतो वापरू नका, त्याने चित्र चौकोनी होतं पण अक्षरांच्या कडा मऊ पडतात.

वर्गाला चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, दोन कौलांच्या मधून उजेडाच्या काड्या येतात. सगळा वर्ग काळोखा करायच्या भानगडीत पडू नका. मी पहिल्यांदा काळी ताडपत्री सगळ्या खिडक्यांना लावली, दहा मिनिटांत मुलं घामाने भिजली आणि कुणाला वहीत काही लिहिता येईना. नंतर लक्षात आलं की फक्त पडद्याच्या जवळच्या दोन खिडक्या झाकल्या तरी पुरतं, उजेड भिंतीवर पडता कामा नये एवढंच, मागची बाजू उघडी राहिली तर मुलं लिहूही शकतात आणि मला त्यांचे चेहरेही दिसतात. पडद्यासाठी गणपतीतल्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स मिळाला, त्याची पाठ पांढरी आणि बिनचकाकीची होती, ती वापरते. काही फ्लेक्सची पाठ काळी किंवा राखाडी असते, तो घेऊ नका. जुलै-ऑगस्टच्या मळभात सगळं झकास दिसतं. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळच्या पहिल्या दोन तासांनंतर मी लावतच नाही.

आता पहिला पाठ. आठवीचा वर्ग, पटावर ३४, विषय 'बल व दाब'. मी दीक्षा या सरकारी शालेय अ‍ॅपवरून पाठ्यपुस्तकाच्या क्यूआर कोडचं साहित्य आणि अजून एक व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवला होता. (दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं, त्याची ऑफलाइन डाउनलोडची सोय आमच्यासारख्या गावात फारच कामाची आहे, कारण इथे रेंज हवी असेल तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जाऊन उभं राहावं लागतं. ई-बालभारतीवरून पुस्तकांच्या पीडीएफही फुकट उतरवता येतात, त्यातल्या आकृत्या मोठ्या करून दाखवायला छान.) सगळी तयारी होती, पाठाचं टाचण लिहिलेलं, आणि मी सलग १४ मिनिटं व्हिडिओ लावला. मुलं गप्प. मला वाटलं किती मन लावून बघतायत. व्हिडिओ संपल्यावर विचारलं, लोखंडाचा खिळा बुडतो मग लोखंडाची बोट का तरंगते. ज्यांच्या घरी होडी आहे, जे सुट्टीत वडिलांबरोबर खाडीत जातात, त्या मुलांनीही मान खाली घातली.

मार्गदर्शक सरांनी निरीक्षण वहीत दोनच ओळी लिहिल्या. एक, "पाठभर पडद्याकडे तोंड." दोन, "विद्यार्थ्यांनी किती वेळा तोंड उघडले? शून्य." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, रात्री झोप लागली नाही. सर मागे बसून खरंच मोजत होते. सर २८ वर्षं शिकवतायत, प्रोजेक्टर त्यांनी कधी वापरलेला नाही, आणि माझ्या त्या महागड्या डब्यात काय चुकलं ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी तोच पाठ परत घेतला. या वेळी प्रोजेक्टर बंद, टेबलावर पाण्याची बादली, एक करवंटी आणि मूठभर खिळे. करवंटीत किती खिळे घातल्यावर ती बुडेल यावर आधी अंदाज, मग प्रत्यक्ष. नंतर फक्त पाच मिनिटं प्रोजेक्टर लावला, कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट'चं प्लावकतेचं सिम्युलेशन, त्यात ठोकळ्याचं वस्तुमान बदलता येतं, आकारमान बदलता येतं, बलांचे बाण दिसतात. प्रत्येक वेळी बटन दाबायच्या आधी मी थांबले आणि विचारलं, आता काय होईल. हात वर. मग दाबलं.

फेटबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि ती फुकट आहे. २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी हे काम सुरू केलं, त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. नवीन एचटीएमएल प्रकारातली एकेक फाइल डाउनलोड करून ठेवता येते आणि मग नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. मी आठवीची सहा-सात एका रविवारी कणकवलीला मावशीकडे बसून उतरवली, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप केबलने प्रोजेक्टरला. प्रोजेक्टरच्या आतल्या ब्राउझरवर ती चालवायचा प्रयत्न करू नका, अडखळतात.

'अणूचे अंतरंग' हा पाठ योगायोगाने ऑगस्टच्या मध्यावर आला. आमच्याकडे १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिवस करतात, किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' मुलांनी सहलीला बघितलेले असतात, आणि हेलियमचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला असं प्रत्येक पोराला पाठ आहे. मी त्यावरूनच सुरुवात केली. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं हे खरंच, पण त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते, आणि ज्या इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर साहेबांचं नाव आपण या ओट्यांशी जोडतो त्यांनी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून बघितली, ग्रहण नसताना. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, तो रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी शोधला. मुलं जरा हिरमुसली, एक मुलगा तर रागावला माझ्यावर. मला वाटतं हे त्यांना सांगायलाच हवं होतं, गावावरचं प्रेम कमी होत नाही त्याने. मग प्रोजेक्टरच्या पांढऱ्या उजेडात जुनी सीडी तिरकी धरून छतावर रंगपट्टा पाडला आणि म्हटलं, सूर्याच्या अशाच पट्ट्यात एक रेषा जास्तीची दिसली, एवढ्यावरून एक अख्खं मूलद्रव्य ओळखलं गेलं.

त्यानंतर फेटचं अणू बांधायचं सिम्युलेशन. एक प्रोटॉन टाकला, हायड्रोजन. दुसरा टाकायच्या आधी थांबले. नाव बदलेल का? २१ हात 'हो'. टाकला, हेलियम आलं, वर्गात आवाज झाला, पण बाजूला 'अस्थिर' असं दिसत होतं. मग न्यूट्रॉन टाकल्यावर नाव परत बदलेल का? इथे वर्ग बरोब्बर अर्धा-अर्धा झाला आणि पाच मिनिटं नुसता वाद. मी काहीच बोलले नाही. सर मागे बसलेले, त्यांनी त्या दिवशी वहीत लिहिलेला आकडा मला नंतर दाखवला, १९ मुलं स्वतःहून बोलली होती.

पण खरा वसूल झाला तो मायक्रोस्कोपला. शाळेत एकच चालू मायक्रोस्कोप आहे, आरशाचा, जुना. 'पेशी व पेशीअंगके' घ्यायचं म्हणजे ३५ मिनिटांच्या तासिकेत ३४ मुलांची रांग. एकेकाला जेमतेम एक मिनिट येतं, त्यात कुणाचा तरी हात फोकसच्या चाकाला लागतो, पुढच्या सगळ्यांना धुकं दिसतं, कोणी बोलत नाही, सगळे "दिसलं" म्हणून बाजूला होतात आणि वहीत पुस्तकातली आकृती काढतात. मी स्वतः आठवीत हेच केलंय. मला कांद्याची पेशी पहिल्यांदा खरी दिसली ती बी.एस्सी.ला.

म्हणून हे केलं. फोनचं एक जुनं मागचं कव्हर घेतलं, आयपीसवर (मायक्रोस्कोपच्या डोळा लावायच्या नळीवर) घट्ट बसेल एवढी पुठ्ठ्याची नळी गुंडाळली, ती कव्हरच्या कॅमेऱ्याच्या भोकाशी चिकटवली. फोन कव्हरमध्ये बसवला की कॅमेरा बरोबर आयपीसच्या वर येतो. आरशावर उजेड पुरेना म्हणून खालून दुसऱ्या फोनचा टॉर्च. फोनच्या कॅमेऱ्यात चित्रावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, ते करायचंच, नाहीतर चित्र सारखं हलत राहतं. आणि फोनचं चित्र प्रोजेक्टरवर. कांद्याची साल, त्यावर पातळ आयोडीनचा थेंब, आधी १०० पट मग ४०० पट.

दीड मीटर रुंद भिंतीवर कांद्याच्या पेशी आल्या तेव्हा मागच्या बाकावरची जी मुलगी रोज "माका काय दिसणा नाय" म्हणते ती उठून पुढे आली आणि पडद्याला हात लावून बघितला. "ही खरीच कांद्याची साल आसा?" मी म्हटलं तूच सरकव स्लाइड. तिने सरकवली, भिंतीवर सगळं सरकलं, तेव्हा सगळ्यांना पटलं की हा व्हिडिओ नाही. मग एकाने विचारलं ते काळ्या कडेचे गोल गोल काय आहेत, पुस्तकात तर नाहीत. ते हवेचे बुडबुडे, माझी कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, नीट बसली नव्हती. पुस्तकातल्या आकृतीत बुडबुडे कधी नसतातच ना, त्यामुळे बघितल्याशिवाय हा प्रश्न येणंच शक्य नव्हतं. त्या दिवशीच्या वह्यांमध्ये ३४ वेगवेगळ्या आकृत्या होत्या, काहींनी बुडबुडेसुद्धा काढले आणि बाजूला नाव दिलं, 'मॅडमचा बुडबुडा'. सगळ्या वह्यांना मी बरोबरची खूण केली.

पुढच्या तासाला रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल लावली आणि कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. तीन-चार मिनिटं काहीच नाही. मी मुद्दाम बोलले नाही, मुलंही थांबली. मग एकेका पेशीतला जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत गोळा व्हायला लागला. एक मुलगा, ज्याच्या आजीचं सुक्या मासळीचं काम आहे, तो एकदम म्हणाला, "म्हंजे बांगडे खारवतत तसाच?" हो रे बाबा, तसंच. मीठ पाणी ओढून घेतं. मी टाचणात लोणच्याचं उदाहरण लिहिलं होतं, ते खोडून याचं लिहिलं.

आता फोन प्रोजेक्टरला जोडायचा कसा, यात माझे तीन आठवडे आणि ₹६५० गेले म्हणून नीट सांगते. टाइप-सी ते एचडीएमआय असा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो मी घेतला आणि माझ्या फोनला चाललाच नाही. दोष अ‍ॅडॉप्टरचा नव्हता. टाइप-सीचं भोक दिसायला सगळीकडे सारखं, पण त्यातून चित्र बाहेर पाठवायची सोय फोनमध्येच असावी लागते आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ती नसते. घ्यायच्या आधी दुकानात स्वतःचा फोन लावून बघा. दुसरा मार्ग वायरलेस. त्यात दोन प्रकार आहेत, एकाला वायफायचं नेटवर्क लागतं, आणि दुसरा मिराकास्ट, तो फोन आणि प्रोजेक्टर थेट एकमेकांशी जोडतो, नेट लागतच नाही, राउटरही नाही. गावातल्या शाळेसाठी मिराकास्ट आहे का हेच विचारा. चित्र अर्धा-एक सेकंद मागे राहतं, मायक्रोस्कोपला त्याने काही बिघडत नाही. सगळे फोन मिराकास्ट देत नाहीत हेही बघून घ्या, माझा देत होता.

आणि फोन जोडताना विमान मोड लावून मग फक्त वायफाय चालू करा, सोबत 'डू नॉट डिस्टर्ब'. माझा घरचा मेसेज एकदा भिंतीवर आला, सगळ्या वर्गाने वाचला, आजीच्या तब्येतीचा होता. मुलांनी दुसऱ्या दिवशी आठवणीने चौकशी केली.

गणिताला मी हाच फोन पुस्तकांच्या चळतीवरून खाली तोंड करून वही दाखवायला वापरते. एखाद्याने वेगळ्या रीतीने सोडवलेलं उदाहरण लगेच भिंतीवर. यात एक काळजी घ्या, चुकलेलं उदाहरण दाखवायचं तर आधी त्या मुलाला विचारा आणि नाव झाका. एका मुलीला मी न विचारता दाखवलं, ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. आता मी आधी माझीच चुकीची पायरी लिहून दाखवते, मग बाकीचे आपणहून वही घेऊन येतात.

आवाज : डब्यातला स्पीकर शून्य समजा. पाऊस कौलांवर आणि पडवीच्या पत्र्यावर वाजायला लागला की मलाच माझा आवाज ऐकू येत नाही, तिथे त्या स्पीकरचं काय. मी आवाज बंदच ठेवते आणि स्वतः बोलते. पंखा घुरघुरतो पण पावसात कळत नाही.

लाईट : साधारण ६० वॅट खातो. पॉवर बँकवर हा चालत नाही, मी विचारून घेतलं होतं. आमच्याकडे पावसात लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे प्रत्येक टाचणात मी 'लाईट गेल्यास' म्हणून एक परिच्छेद लिहिते, फळ्यावर काय काढायचं ते. कॉलेजमध्ये कुणी हे शिकवलं नव्हतं पण माझ्या मते प्रत्येक छात्राध्यापकाने लिहावं. एक्स्टेन्शन बोर्ड चांगला घ्या आणि वायर भिंतीच्या कडेने नेऊन चिकटपट्टी लावा, मुलं धावतात. लेन्समध्ये कुणी डोकावून बघणार नाही हेही पहिल्याच दिवशी सांगा.

बंद करायची एक युक्ती. मुलांनी पडद्याकडून आपल्याकडे बघावं असं वाटलं की दर वेळी मशीन बंद-चालू करणं जमत नाही. लॅपटॉपवर स्लाइड चालू असतील तर 'बी' हे बटन दाबा, पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो. फोन जोडलेला असताना मी लेन्सच्या वीतभर पुढे एक पुठ्ठा उभा करते. लेन्सला चिकटवून नको, तापतं. हा पुठ्ठा मी दर तासाला सात-आठ वेळा तरी उभा करते.

दमट हवा हा आमचा सगळ्यात मोठा शत्रू. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये आतला भाग सीलबंद नसतो, धूळ आणि खारी हवा आत शिरते, पॅनेलवर डाग दिसायला लागतात. काकांनी सीलबंद ऑप्टिकल इंजिनवाला दाखवला होता, ₹३,००० जास्त होते, मी घेतला नाही. आज घ्यायचा असता तर थांबून, पैसे साठवून तोच घेतला असता. सप्टेंबरअखेर माझ्या चित्रात उजव्या कोपऱ्यात खाली एक पांढुरका डाग आला. कणकवलीला नेला, काकांनी माझ्यासमोर उघडून, ब्लोअरने साफ करून दिला, ₹३०० घेतले, वॉरंटीत धूळ येत नाही हे त्यांनी विकतानाच सांगितलं होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायला सांगितलं. काही जण तांदळात ठेवतात, ते करू नका, तांदळाची पूड आत जाते. बाहेरून भिजल्या हवेतून आणल्यावर लगेच चालू न करता दहा मिनिटं वर्गात तसाच ठेवायचा, लेन्सवर धुकं धरलेलं असेल तर जातं.

मार्क द्यायचे तर डब्याला पाचात तीन, दुकानाला पाच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा अंतिम पाठ झाला, पुन्हा पेशीच घेतल्या, नवव्या मिनिटाला लाईट गेली. आकृती फळ्यावर काढायला मी खडू उचलला तर ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली मॅडम मी काढू का, आणि तिने काढली, पेशीभित्तिका, केंद्रक, आणि एका बाजूला काळ्या कडेचा एक गोल.

आता आंतरवासिता संपतेय. प्रोजेक्टर माझा मी नेणार, पण सरांनी स्वतःचा जुना फोन शाळेला दिलाय, आणि माझी पुठ्ठ्याची नळी त्याच्या कव्हरला नीट बसते हे आम्ही परवा दोघांनी मिळून बघितलं. भिंतीवर नाही तरी फोनच्या स्क्रीनवर एका वेळी पाच-सहा जणांना दिसतं, म्हणजे ३४ मुलं सहा गटांत एका तासात होतात. नळी मायक्रोस्कोपच्या लाकडी पेटीतच ठेवलीय, वर मुलांनी कागद चिकटवलाय, 'फोकसला हात लावू नये, आधी विचारावे.'